पोलिसांचं जॅकेट फोडणारी गोळी: बंदी मागावी का? (मुलगी खात्यात आहे)

टॉवेलवाला_पूर्वभाग विचारतात:

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, अक्कलकोट रोडला आठ माग आहेत, टेरी टॉवेल काढतो. धाकटी मुलगी चार वर्षांपासून पोलीस शिपाई आहे. आमच्या घरात खाकी घालणारी ती पहिलीच.

गेल्या महिन्यात तिला कैदी पार्टीला पाठवलं होतं. टोळीतल्या कुणाला तरी कोर्टात हजर करायचं होतं, म्हणून सगळ्यांना बुलेटप्रूफ जॅकेटं दिली. रात्री घरी आल्यावर तिनं मोबाइलवर फोटो दाखवला. ती हसत दाखवत होती, मला मात्र घास गिळवेना. जॅकेट पुरुषाच्या मापाचं. गाडीत बसली की खालची कड मांडीला टेकते आणि वरची हनुवटीला. बगलेत एवढी फट की माझा अख्खा पंजा आत जाईल.

त्या रात्री झोप लागली नाही. जॅकेट नेमकं काय अडवतं आणि काय अडवत नाही, हे वाचत बसलो. वाचता वाचता अमेरिकेतल्या एका जुन्या वादापाशी पोचलो. तिकडं ओहायो राज्यात १९६० च्या दशकात एक डॉक्टर आणि दोन पोलीस अशा तिघांनी मिळून एक गोळी तयार केली. तिघांच्या आडनावांची पहिली अक्षरं जोडून तिचं नाव पडलं केटीडब्ल्यू. शिशाच्या जागी कडक धातू आणि वरून टेफ्लॉनचा थर. हेतू वाईट नव्हता. पळणाऱ्या गुन्हेगाराच्या मोटारीच्या दारातून, काचेतून गोळी पार जावी, एवढाच. म्हणजे पोलिसांच्याच उपयोगाला केलेली वस्तू. पुढं पोलीस शर्टाच्या आत केव्हलार नावाच्या चिवट धाग्याची जॅकेटं घालू लागले, आणि हीच गोळी त्या जॅकेटातून जाते म्हणून ओरड सुरू झाली. जानेवारी १९८२ मध्ये एनबीसी वाहिनीनं त्यावर कार्यक्रम दाखवला. मारिओ बियाजी नावाचे एक खासदार होते, राजकारणात येण्याआधी न्यूयॉर्क पोलिसात २३ वर्षं काढलेले. त्यांनी बंदीचा कायदा लावून धरला, आणि २८ ऑगस्ट १९८६ ला त्यावर राष्ट्राध्यक्ष रेगन यांची सही झाली.

आता माझं म्हणणं. सगळीकडं लिहिलंय की टेफ्लॉनमुळं गोळी जॅकेटातून निसटून जाते. मला ते पटत नाही. चाळीस वर्षं सूत हाताळतोय. तव्याला अन्न चिकटू नये म्हणून लावतात तो थर गोळीला एवढ्या घट्ट विणीतून कसा नेईल? म्हणून मी घरी करून बघितलं. टॉवेल चार पदरी करून दोघांनी ताणून धरला. नातवाची काचेची गोटी गलोलीनं मारली, ती टप्पा खाऊन खाली पडली. मग पोती शिवायचा दाभण घेतला. तो नुसत्या हाताच्या जोरानं आरपार गेला. दाभणाला तेल लावून बघितलं, न लावता बघितलं. काही फरक नाही. दाभण सूत तोडतही नाही, बाजूला सारून वाट काढतो. माझा समज बरोबर आहे का?

दुसरं, आपल्या देशात अशा गोळ्यांना बंदी आहे का? नसेल तर खासदारांना निवेदन द्यायचं मनात आहे. आमच्या भागातले वीस-पंचवीस कारखानदार सही करतील. सोलापूरला हा विषय परका नाही. अशोक कामटे साहेब इथं पोलीस आयुक्त होते. इथून मुंबईला गेले आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा हॉस्पिटलशेजारच्या गल्लीत एके-४७ च्या गोळ्यांनी गेले. आमच्याकडं अजून त्यांचं नाव निघालं की बोलणारा क्षणभर थांबतो.

माहीतगारांनी सांगावं. चुकत असेन तर तेही सांगावं.

---

बाळीवेस_७

अण्णा, काळजी समजते. माझा मेहुणा पण खात्यात आहे. पण बंदी घालून पाळणार कोण? आपल्याकडं गुन्ह्यात सापडतो तो मध्य प्रदेशच्या सीमेकडून आलेला गावठी कट्टा, नाहीतर तिकडचंच पिस्तूल. ते विकणारा माणूस आधीच कायद्याच्या बाहेर उभा आहे, त्याला आणखी एक कायदा दाखवून काय होणार? निवेदनाची ताकद जॅकेटाच्या मापावर लावा. पोरीचा जीव त्यात आहे.

---

कोत_हवालदार (निवृत्त)

टॉवेलवाले अण्णा, तुमचा गोटी-दाभणाचा प्रयोग मला आधी सुचायला हवा होता. नव्या पोरांना शिकवताना किती सोपं झालं असतं. मी ३१ वर्षं खात्यात होतो, त्यातली १९ कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात. रायफली साफ करणं, राऊंड मोजून देणं, मोजून परत घेणं, चांदमारीनंतर पुंगळ्या वेचून हिशेब जुळवणं, आणि जॅकेटं सांभाळणं.

तुमचा समज बरोबर आहे. केव्हलारचं पॅनेल म्हणजे एकावर एक शिवलेले कापडाचे पुष्कळ पदर. पिस्तुलाची शिशाची गोळी त्यावर आपटली की भाकरीच्या पिठावर थाप पडावी तशी पसरते. पसरली की तिच्या तोंडाखाली जास्त धागे येतात. ते धागे ताण शेजारच्या धाग्यांना देतात, ते पुढच्यांना, आणि पाच-सहा इंचाच्या कापडानं मिळून गोळी धरलेली असते. आतल्या माणसाला मुका मार बसतो, बरगडीसुद्धा मोडते, पण माणूस घरी जातो. गोळीचा गाभा पोलादाचा किंवा टंगस्टनचा असला तर ती पसरतच नाही. तुमचा दाभण होतो. टेफ्लॉन होतं ते बंदुकीच्या नळीसाठी. कडक धातूनं नळीच्या आतले आटे झिजतात, ते वाचावेत म्हणून तो थर. कापडातून जायला त्याची मदत नाही. तरी तिकडच्या काही राज्यांनी आपल्या कायद्यात टेफ्लॉनच लिहून टाकलं. दिसणाऱ्या रंगावर बंदी आली, आतल्या धातूकडं बघायचं राहिलं. तुम्ही निवेदन लिहाल तेव्हा ही चूक करू नका. १९८६ च्या त्यांच्या केंद्रीय कायद्यानं ती केली नाही. त्यात गाभ्याच्या धातूंची नावं आहेत: टंगस्टनचे मिश्रधातू, पोलाद, लोखंड, पितळ, कांसं, बेरिलियम तांबं आणि डिप्लीटेड युरेनियम. आणि गोळी पिस्तुलातून उडण्यासारखी हवी, ही अट.

ही पिस्तुलाची अट का, ते बाळीवेसवाल्यांनीही समजून घ्यावं. शर्टाच्या आत घालायचं कापडी जॅकेट मुळात पिस्तुलाच्या गोळीसाठी असतं. रायफलीची अगदी साधी गोळीही त्यातून जाते. ९ मिमी पिस्तुलाची गोळी सेकंदाला साडेतीनशे-चारशे मीटर जाते, एके-४७ ची सातशेच्या वर. तिथं कापडाचं काम नाही, प्लेट लागते. प्लेटच्या समोर सिरॅमिक असतं. ते स्वतः फुटतं आणि फुटताना गोळीचा गाभा मोडतं, मग मागचा थर तुकडे झेलतो. म्हणून प्लेट हातातून पडू द्यायची नसते. आत तडा गेला तर वरून दिसत नाही. मी पोरांना सांगायचो, प्लेट देवघरातल्या समईसारखी ठेवा.

कामटे साहेबांवर गोळ्या झाडल्या त्या एके-४७ च्या. तिथं अमेरिकेच्या त्या कायद्यासारखी पिस्तुलाच्या गोळीवरची बंदी कामाला आली नसती. पुढं तर तीच रायफल आणि आणखी कडक गोळी, अशी वेळ आली. ३१ डिसेंबर २०१७ ला पुलवामात लेथपोऱ्याच्या सीआरपीएफ केंद्रावर हल्ला झाला, पाच जवान गेले. तिथं अतिरेक्यांकडं कडक पोलादी गाभ्याच्या गोळ्या होत्या. त्यानंतर आपल्याकडं हा विषय गंभीरपणे बोलला जाऊ लागला. २०१८ मध्ये बीआयएसनं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोनं, जॅकेटांसाठी आयएस १७०५१ हे मानक आणलं. त्यात धोक्याच्या सहा पायऱ्या आहेत. सहाव्या पायरीची, म्हणजे चिलखतभेदी गोळीची, परीक्षा पास होणारं हलकं जॅकेट डीआरडीओच्या कानपूरच्या प्रयोगशाळेनं केल्याचं एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालं. ही बातमी वाचून मला खरंच आनंद झाला. पण ते सीमेवर आधी जाणार आणि तसंच जायला हवं. आपल्या पोरीला कोर्टाच्या दारात काय मिळतं, हा प्रश्न वेगळा.

आता तुमचा दाभण परत हातात घ्या. सोलापुरात तुमच्या मुलीच्या अंगावर काय येण्याची शक्यता जास्त? सुरा, कोयता, दगड. मंगळवेढा-पंढरपूरकडं तर वाळूची गाडी. गोळी अडवणारं कापडी जॅकेट सुऱ्याचं भोसकणं अडवण्यासाठी बनवलेलं नसतं! त्याचं मानकच वेगळं असतं. मी बघितलेली कितीतरी पोरं बुलेटप्रूफ घातलं की सुऱ्यासमोर बिनधास्त जायची. त्यांना वाटायचं, गोळी अडते तर सुरा का नाही अडणार. तुमच्या टॉवेलानं त्याचं उत्तर दिलंय. मुलीला हे आजच सांगा.

आणि ऊन. इथं एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ ला जातो. जॅकेट उतरवलं की घामानं पिळून काढावं असं ओलं. पोरं ते बराकीच्या कठड्यावर वाळत घालायची आणि मी ओरडत जायचो. केव्हलारला ऊन सोसत नाही, त्याचा धागा कमजोर होतो. कव्हर काढून धुवावं, आतलं पॅनेल ओल्या फडक्यानं पुसून सावलीत आडवं ठेवावं. घडी नाही, खिळ्याला टांगणं नाही.

याच्यावरून अमेरिकेतलीच दुसरी गोष्ट सांगतो. केटीडब्ल्यूपेक्षा ती मला जास्त छळते. २००३ मध्ये पेनसिल्व्हेनियात एका पोलिसाच्या झायलॉन नावाच्या धाग्याच्या जॅकेटातून साधी पिस्तुलाची गोळी आत गेली. चिलखतभेदी वगैरे काही नव्हती. त्या जॅकेटानं ती अडवायला हवी होती. मग तपासण्या झाल्या आणि दिसलं की दमटपणानं आणि उष्णतेनं तो धागा आतून मरत जातो. २००५ मध्ये तिकडच्या सरकारी संस्थेनं झायलॉनच्या जॅकेटांची मान्यता काढून घेतली. ज्या पोलिसांच्या अंगात ती होती, त्यांनी इतके दिवस विश्वासानंच घातली होती ना.

बंदी मागा अण्णा, जरूर मागा. बाळीवेसवाल्यांना एवढंच सांगतो की कट्टा शेडमध्ये बनतो, पण चांगलं काडतूस शेडमध्ये बनत नाही. ते कुठल्यातरी कारखान्यातून निघालेलं असतं आणि वाटेत गळालेलं असतं. अमेरिकेच्या कायद्यानंही चोराला हात घातला नाही, बनवणाऱ्याला आणि आयात करणाऱ्याला घातला. सरकारी वापर, निर्यात आणि चाचण्या तेवढ्या सोडल्या. माझ्या मते हात घालायची जागा तीच.

---

डेटनची_लेक (माहेर जुळे सोलापूर)

मी गेली अकरा वर्षं ओहायोत आहे, त्यामुळे लिहावंसं वाटलं. हवालदारकाकांनी धातूंची यादी सांगितली, तिच्यामागं मोठी भांडणं झाली होती. सुरुवातीचा मसुदा असा होता की चाचणी घ्यायची आणि जी पिस्तुलाची गोळी जॅकेट फोडेल ती बंद. ऐकायला हे सरळ वाटतं. पण तिकडच्या बंदूकधारकांच्या राष्ट्रीय संघटनेनं, एनआरएनं, विरोध केला. शिकारीच्या रायफलीच्या बऱ्याच गोळ्या कापडी जॅकेट फोडतात आणि त्यातल्या काही गोळ्या बसतील अशी पिस्तुलंही निघतात. मग हरणाची शिकार करणाऱ्यांची काडतुसंही जाणार. म्हणून ‘काय फोडते’ हे सोडून ‘कशाची बनलीय’ इथं तडजोड झाली.

ती तडजोड २०१५ मध्ये पुन्हा उसवली. एम८५५ नावाची हिरव्या टोकाची रायफलची गोळी आहे. तिच्या टोकाला पोलाद आणि मागं शिसं. १९८६ मध्ये तिला सूट मिळाली होती. पुढं त्याच गोळीवर चालणारी आखूड, पिस्तूल म्हणून विकली जाणारी शस्त्रं बाजारात आली, तेव्हा एटीएफ या केंद्रीय खात्यानं सूट काढायचा प्रस्ताव ठेवला. ८० हजारांहून जास्त लोकांनी हरकती-सूचना पाठवल्या आणि मार्चमध्ये प्रस्ताव मागं घेतला. माझ्या ऑफिसातला एक सहकारी शिकारी आहे. तो तावातावानं सांगत होता की साधी हरणाची गोळीही ते कापडी जॅकेट फोडते, मग हीच का? आमच्या शेजारणीचा मुलगा डेप्युटी शेरीफ आहे, तिचं म्हणणं, एक गोळी कमी झाली तरी माझ्यासाठी कमीच. मला दोघांचंही खरं वाटलं, पण रात्री झोपताना आठवली ती शेजारीण.

काका, त्या मुलाचं जॅकेट त्याच्या मापानं शिवून आलेलं आहे. छातीचा घेर, धडाची लांबी, उभं असताना आणि बसलेलं असताना अशी मापं घेतली होती. बायकांसाठी वेगळं बेतलेलं मिळतं. तुमच्या मुलीसाठी हे मागणं म्हणजे लाड नव्हेत, हे निवेदनात ठासून लिहा.

---

वकील_सातरस्ता

कायद्याचं मी सांगते. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २ मध्ये ‘प्रतिबंधित दारूगोळा’ याची व्याख्या आहे. विषारी द्रव किंवा वायू भरलेला, तसंच रॉकेट, बॉम्ब, ग्रेनेड वगैरे त्यात येतात. आणि शेवटी एक महत्त्वाचं वाक्य आहे: केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढून इतर वस्तूही त्यात घालू शकतं. म्हणजे मागणीसाठी नवा कायदा लागत नाही, संसदेत विधेयक आणावं लागत नाही. निवेदन केंद्रीय गृह मंत्रालयाच्या नावे करा, खासदारांना प्रत द्या आणि मागणी एका वाक्यात ठेवा: कडक धातूच्या गाभ्याचा पिस्तुलात चालणारा दारूगोळा या व्याख्येत अधिसूचनेनं स्पष्ट नमूद करावा, सरकारी दलं वगळून.

आपली आणि अमेरिकेची पायाच्या दगडापासूनची रचना वेगळी आहे, हेही लक्षात असू द्या. तिथं शस्त्र हा घटनेतला हक्क, त्यामुळे एकेका गोळीवर भांडावं लागतं. आपल्याकडं परवान्याशिवाय काहीच नाही. किती काडतुसं घ्यायची तेही परवान्यावर लिहिलेलं असतं. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाकडं तीनऐवजी दोनच शस्त्रं राहिली. पोलिसाच्या हातातून शस्त्र हिसकावणाऱ्याला किमान दहा वर्षं ते जन्मठेप, हेही त्याच दुरुस्तीत आलं. कैदी पार्टीला जाणाऱ्या मुलीसाठी हे कलम गोळीच्या बंदीइतकंच कामाचं आहे, कारण कोर्टाच्या गर्दीत तिच्याच कमरेचं पिस्तूल ओढलं जाण्याची भीती खरी आहे.

मापाचा विषय मात्र केंद्राकडं पाठवू नका. तो राज्याचा आहे. एकाच कागदावर दोन्ही लिहिलंत तर दोन्ही टेबलांवरून तो ‘हे आमच्याकडं येत नाही’ म्हणून परत येईल. दोन अर्ज करा.

---

टॉवेलवाला_पूर्वभाग

हवालदार साहेब, वकील ताई, डेटनच्या ताई, हात जोडून आभार. बाळीवेसवाले दादा, तुमचंही. तुम्ही मापाचं बोललात म्हणून मी त्या बाजूनं नीट विचार केला.

सुऱ्याचं मुलीला त्याच रात्री सांगितलं. तिला माहीत नव्हतं. टॉवेल आणि दाभण आणून दाखवला तेव्हा ती गप्प झाली. मग म्हणाली, ‘आप्पा, आमच्या बॅचच्या कुणालाच माहीत नाही हे.’ आता दाभण तिच्या पिशवीत आहे, मैत्रिणींना दाखवायला.

परवा पुन्हा कैदी पार्टी होती. मी लेबल बघायला सांगितलं होतं. कव्हरवरचं लेबल घासून पांढरं पडलंय, वर्षाचे पहिले दोन आकडे तेवढे दिसतात.

---

कोत_हवालदार (निवृत्त)

कव्हरचं लेबल धरू नका. कव्हरं धुताना अदलाबदल होतात. खालची चेन किंवा चिकटपट्टी उघडली की आत पॅनेल निघतं, त्याच्यावर वेगळं लेबल असतं. नग क्रमांक, तयार केल्याची तारीख, कुठली गोळी अडवतं ते, आणि अंगाकडची बाजू कुठली. अमेरिकेच्या मानकात साधारण पाच वर्षांची हमी असते. कोतमधल्या माणसासमोर, त्याला विचारून उघडायला सांगा. गुपचूप नको, उगाच पोरीवर बालंट येईल. आणि अंगाकडची बाजू बाहेर झालेली नाही ना, हे बघायला विसरू नका. मी स्वतः दोन वेळा उलटं भरलेलं पॅनेल काढलंय.

---

टॉवेलवाला_पूर्वभाग

साहेब, आज विचारून उघडलं. तिथले हवालदार चांगले निघाले, त्यांनी स्वतः पॅनेल बाहेर काढून दिलं. बाजू बरोबर होती. तारीख नऊ वर्षांपूर्वीची. पॅनेलच्या एका कोपऱ्यात घडी पडून पक्की झालीय, मुलगी म्हणाली बोटाला उंचवटा लागतो. हवालदारांनी ते पॅनेल बाजूला काढून ठेवलं आणि वरिष्ठांना लेखी कळवतो म्हणाले.

दोन अर्ज तयार करतोय. केंद्राचा वकील ताईंनी सांगितल्याप्रमाणे एका वाक्याचा, त्यात टेफ्लॉनचा शब्दही नाही. राज्याच्या अर्जाला मुलीची आणि तिच्या बॅचच्या सात मुलींची मापं जोडतोय, उभं राहून आणि बसून अशी दोन्ही. काल संध्याकाळी त्या सगळ्या आमच्या कारखान्यावर आल्या होत्या. माग बंद केले आणि बायकोनं टॉवेलाच्या टेपनं मापं घेतली. सात जणींत छातीच्या घेरात नऊ इंचांचा फरक निघाला. आणि जॅकेट सगळ्यांना एकच.